ओढणारं चाक

जून महिन्यातली पहाट, साडेचारचा सुमार. शारजाहून खोर फक्कानला जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर आमच्या पुढेमागे फारसं कुणी नव्हतं. पिकअप माझ्या मित्राचा. मित्र मूळचा मालवणचा, आखातात येऊन वीस वर्षं झालेला. मागे ट्रेलर, ट्रेलरवर त्याची फायबरची बोट. इंजिन, पेट्रोल, बर्फाच्या पेट्या असं सगळं धरून अडीच टनांच्या घरात. चारच दिवसांपूर्वी त्याने पिकअपला पस्तीस इंची टायर चढवले होते. चढ लागला तसा गिअर सातावरून सहावर, पुन्हा सातावर, पुन्हा सहावर असा भिरभिरायला लागला. इंजिनाचा आवाज चढला, गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा कधी नव्हे तो वर सरकला. मित्र स्टीअरिंग घट्ट धरून म्हणाला, "गाडी चढणाच नाय रे!" महिन्याभरापूर्वी हीच गाडी हीच बोट घेऊन हाच चढ गप्पा मारत चढून गेली होती. बदलले होते ते फक्त टायर.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. मोठे टायर आणि ओढकाम एकाच गाडीवर नांदू शकतात का? नांदत असतील तर कुठवर? अमिरातीत हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही, कारण इथे एकाच पिकअपला दोन धनी असतात. हिवाळ्यात त्याला वाळूत उतरायचं असतं: लाहबाब, अल बदायरचं तांबडं टेकाड, मलैहाचा फॉसिल रॉक, आणि धाडस असेल तर थेट लिवा, जिथे तल मोरीबची टेकडी साधारण तीनशे मीटर उंच उभी आहे. त्याच पिकअपला वर्षभर जेट स्की, बोट, वाळूतली बग्गी, घोड्याचा ट्रेलर, नाहीतर थंडीतल्या मुक्कामासाठी कारवान ओढायची असते. वाळू म्हणते टायर मोठा हवा, ट्रेलर म्हणतो आहे तोच बरा. सनैयातल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, टायरच्या दुकानात मात्र यातल्या पहिल्या धन्याचंच ऐकलं जातं.

मोठं चाक ओढायला हलकं, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. लाकडी बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीपर्यंत यायचं, त्यावर लोखंडी धाव चढवलेली असायची, आणि काळ्या रानातल्या चिखलातून, चाकोरीतून ते चाक सहज निघायचं. लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं खड्ड्यावरून जातं. म्हणून पुष्कळांना वाटतं की पिकअपलाही मोठं चाक दिलं की त्याची ताकद वाढणार. पण बैलगाडीचं चाक ओढलं जातं, ओढणारा बैल पुढे असतो. पिकअपचं मागचं चाक स्वतःच बैल आहे. इंजिन आसाला पीळ देतं आणि तो पीळ टायरच्या कडेपर्यंत पोचून रस्त्याला मागे ढकलतो. आसापासून रस्ता जितका लांब, तितका तो ढकलण्याचा जोर कमी. पान्याचा दांडा लांब केला की नट सहज सुटतो, कारण तिथे आपण टोकाशी जोर लावतो. इथे जोर मध्याशी लागतो आणि काम टोकाशी होतं, म्हणून हिशेब उलटा. ओढलं जाणारं चाक मोठं असावं, ओढणारं चाक लहान असावं. ऊसतोडीच्या हंगामात दिसणारी टायरगाडी पाहा. तिची चाकं जुन्या लाकडी चाकापेक्षा कितीतरी बुटकी, तरी ती उसाची उंच मोळी वाहते, कारण तिथे काम बेअरिंग आणि टायरमधली हवा करतात. चाकाची उंची ही ताकदीची खूण नव्हे, हे आपल्या रस्त्यांवर रोज दिसतं.

आता आकडे. अनेक पिकअपवर २६५/७० आर १७ हा टायर कंपनीकडूनच येतो. त्याची उंची भरते ८०३ मिलीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या किंचित वर. एक पायरी वरचा २८५/७० आर १७ घेतला तर ८३१ मिलीमीटर, वाढ साडेतीन टक्के. पस्तीस इंची टायर कागदावर ८८९ मिलीमीटर, म्हणजे वाढ जवळजवळ अकरा टक्के. ही अकरा टक्के वाढ ओढीतून दहा टक्के काढून घेते. आधी चाक रस्त्याला शंभर किलोच्या जोराने ढकलत असेल तर आता नव्वद. माझ्या मित्राच्या गाडीचा मागचा डिफरन्शियल ३.७३ रेशोचा होता, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या ३.७३ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. पस्तीस इंची टायरवर तो ३.३७ असल्यासारखा वागू लागला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गिअर भरपूर असल्यामुळे सपाटीवर हे कळत नाही, तो मुकाट्याने एक गिअर खाली उतरून वेळ मारून नेतो. चढावर दोन गिअरमध्ये त्याला मुक्कामाची जागा सापडत नाही आणि मग ती भिरभिर सुरू होते. त्या भिरभिरीत गिअरबॉक्सचं तेल तापतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सचा सर्वांत मोठा शत्रू हे तापलेलं तेलच.

हा माझा तर्क नाही. कंपन्या स्वतः याच हिशेबाने गाड्या विकतात. फोर्डचा एफ-१५० तीन वेगवेगळ्या मागच्या रेशोंत येतो, ३.३१, ३.५५ आणि ३.७३. रॅम १५०० मध्ये ३.२१, ३.५५ आणि ३.९२. इंजिन तेच, चौकट तीच, तरी रेशोचा आकडा वाढला की ओढायची क्षमता वाढलेली दिसते. ३.७३ चा ३.३७ होणं म्हणजे पैसे मोजून घेतलेली वरची पायरी टायरच्या दुकानात परत करून येणं. कंपनीला पस्तीस इंची टायर स्वतःला द्यायचा असतो तेव्हा ती काय करते, हेही बघण्यासारखं आहे. २०२१ च्या एफ-१५० रॅप्टरला कारखान्यातूनच पस्तीस इंची टायर आला, त्याच्यासोबत रेशो आला ४.१०. त्याची ओढायची मर्यादा ८,२०० पौंड, म्हणजे सुमारे ३,७०० किलो; त्याच सालच्या साध्या एफ-१५० ची सर्वोच्च मर्यादा १४,००० पौंड, सुमारे ६,३५० किलो. हा सगळा फरक टायरचा नाही. रॅप्टरचं मऊ, लांब चालीचं सस्पेन्शनही त्यात आहे. पण वाळूसाठी बनवलेली गाडी आणि ओढण्यासाठी बनवलेली गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे खुद्द बनवणाऱ्यानेच कबूल केलं आहे.

गाडीच्या पुस्तिकेत ओढायची जी मर्यादा छापलेली असते, ती कशी ठरते हे आखातातल्या माणसाने एकदा तरी जाणून घ्यावं. अमेरिकेत एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यातली सर्वांत कठीण परीक्षा अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते: सुमारे अठरा किलोमीटर सलग चढण, एसी पूर्ण जोरात, पायथ्याशी तापमान किमान ३८ अंश, आणि वेग ठरलेल्या मर्यादेच्या खाली पडता कामा नये. टोयोटाने टुंड्रासाठी २०११ च्या सुमारास ते मानक सर्वांत आधी स्वीकारलं, बाकीच्यांनी पुढे. ही परीक्षा गाडी पास होते ती कंपनीच्या टायरवर आणि कंपनीच्या रेशोवर. त्या परीक्षेला ३८ अंश पुरतात. आमच्याकडे जुलैच्या दुपारी पंचेचाळीस सहज होतात आणि डांबर साठीच्या पुढे जातं. म्हणजे मोठा टायर चढवण्याच्या आधीच आपण त्या परीक्षेच्या बाहेर उभे असतो. मग त्यात दहा टक्के आपल्या हाताने कमी करायचे, हे मला पटत नाही.

चढ संपला की उतार येतो आणि तिथे दुसरी गोष्ट उघडी पडते. ब्रेकही चाकाच्या मध्याशी लागतो आणि त्याचं काम कडेशी होतं. टायर मोठा झाला की तोच ब्रेक दहा टक्के कमी पडतो. शिवाय कंपनीचा टायर सतरा-अठरा किलोचा, पस्तीस इंची जाड बांध्याचा टायर तीस किलोच्या आसपास, आणि हे वाढलेलं वजन बरंचसं बाहेरच्या कडेला फिरत असतं. ते फिरतं वजन थांबवायला वेगळा जोर लागतो. रेशो बदलून ४.१० केला तर गेलेली ओढ जवळजवळ सगळी परत मिळते, फोर बाय फोरला पुढचा आणि मागचा असे दोन्ही डिफरन्शियल उघडावे लागतात इतकंच. ब्रेक मात्र रेशोने परत मिळत नाही. सनैयात रेशोची चर्चा निदान अधूनमधून कानावर येते, ब्रेकची जवळजवळ कधीच नाही. मला हे सर्वांत जास्त खुपतं, कारण न चढलेली गाडी फार तर कडेला उभी राहते. न थांबलेली गाडी दुसऱ्याच्या अंगावर जाते.

यानंतर उष्णता आणि हवा. इथे आखाताला स्वतःचा इतिहास आहे आणि तो विसरला गेला आहे. फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्स्प्लोररचं प्रकरण जगाला माहीत झालं ते ऑगस्ट २००० मध्ये, अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले गेले तेव्हा. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, फोर्डने सौदी अरेबियात आणि आखातातल्या शेजारी देशांत हे टायर बदलून द्यायला सुरुवात केली होती. टायरचा वरचा पट्टा खालच्या थरापासून सुटायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकी सरकारच्या मोजणीत मृत्यूंचा आकडा पुढे २७१ वर गेला. दोष टायरचा की फोर्डने सांगितलेल्या २६ पीएसआय हवेचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. ज्यावर भांडण नव्हतं ते असं: कमी हवा, जास्त वजन, मोठा वेग आणि तापलेला रस्ता या चार गोष्टी एकत्र आल्या की टायर आतून भाजतो. आखातात त्या चारही एकत्र यायला वेळ लागत नाही.

तरीही "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल" हा सल्ला मी इथे आणि पुण्यात सारख्याच खात्रीने ऐकला आहे. तो धोकादायक आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि तेवढी वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेलीच असते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दुमडते, सरळ होते, पुन्हा दुमडते. पातळ तार पुढेमागे वाकवत राहिलं की बोटाला गरम लागते, तसाच हा प्रकार. ट्रेलरच्या दांड्याचा भार मागच्या आसावर येतो. अडीच टनांच्या ट्रेलरचा हा भार अडीचशे ते पावणेचारशे किलोपर्यंत असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, त्या भाराच्या हिशेबाने भरायची आणि दुपारी वाढलेली बघून सोडायची नाही, एवढंच खरं आहे.

दाराच्या कडेला चिकटवलेला हवेचा आकडा जुन्या टायरचा असतो, नव्याचा नसतो. हेही दुकानात कुणी सांगत नाही. मित्राच्या नव्या टायरांत सवयीने स्टिकरवरचीच हवा भरून दिली होती. जाड बांध्याच्या टायरची वजन पेलायची क्षमता त्याच्या दाबाशी बांधलेली असते. भिंतीवर १२१ हा भारांक छापलेला असला तर टायर १,४५० किलो पेलतो, पण तिथेच लिहिलेल्या कमाल दाबाला. दाब उतरला की क्षमता उतरते, किती ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघावं लागतं. साध्या गाडीच्या बांध्याचा ११५ भारांकाचा टायर १,२१५ किलोचा. तोच पिकअपवर बसवला तर त्या आकड्याला १.१ ने भागायचं असा दंडक आहे, म्हणजे ११०० च्या जरा वर. टायर उंच आहे म्हणून जास्त वजन पेलेल, हा समज या तक्त्यापुढे टिकत नाही.

मग वाळूचं काय? तिथे मोठा टायर खरोखर उपयोगी आहे, हे मान्य करायला हवं. आसाखालची जागा वाढते आणि हवा सोडल्यावर रस्त्याला टेकणारा पट्टा जास्त लांब पसरतो. पण वाळूत गाडी चालते ती मुख्यतः हवेवर. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर १९२० आणि १९३० च्या दशकांत इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन फिरला, त्याच वाळूवर पुढे त्याने शास्त्रीय ग्रंथ लिहिला. टायरची हवा उतरवली की गाडी वाळूवर तरते, हे त्याच्यासारख्यांनी आपल्याला दाखवून दिलं. लाहबाबच्या कडेला आजही प्रत्येक जण तेच करतो: गाडी थांबते, चारही टायरांतून फुसफुस सुरू होते, काटा पंधरा-बारा पीएसआयवर येतो. कंपनीच्या साध्या टायरवर पंधरा पीएसआयने अल बदायर फिरलेले कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. उलट खोल खाचांचा चिखली टायर वाळूत चाक फिरवताक्षणी खड्डा खणतो. त्याच्या भिंतीवर उष्णतेची ए-बी-सी श्रेणीही सापडणार नाही, कारण अमेरिकेची ती श्रेणी साध्या मोटारींच्या टायरांना लागू आहे, जाड बांध्याच्या आणि खोल खाचांच्या टायरांना नाही. त्याच्यावर बहुधा क्यू हे वेगाचं अक्षर असतं, म्हणजे कमाल १६० किलोमीटर. चिखलासाठी घडवलेला टायर चिखल नसलेल्या देशात एवढा खपावा, याचं मला वाईट वाटतं.

ट्रेलरच्या डुलण्याकडे लक्ष कमी जातं. टायर मोठा झाला की गाडी चाळीस-पंचेचाळीस मिलीमीटर उंचावते. सोबत लिफ्ट किट असलं तर आणखी दोन ते चार इंच. मागचा हुक तितकाच वर जातो आणि ट्रेलरचं नाक उचललं जातं. दांड्यावरचा भार हलका होतो, आणि नाक उचललेला ट्रेलर वाऱ्याच्या एका झोताने शेपटासारखा डुलायला लागतो. पिकअपची उंच, मऊ टायरभिंत त्याला साथच देते. उपाय साधा आहे, खाली उतरणारा हुकचा आडवा दांडा. तो बसवल्याशिवाय लिफ्ट केलेल्या गाडीने ट्रेलर जोडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. पस्तीस इंची टायरवर काटा १२० दाखवतो तेव्हा गाडी १३० च्या पुढे असते. कारखान्यातला काटा मुळात जरा जास्तच दाखवतो म्हणून फरक थोडा झाकला जातो, पण दुबईत वेगमर्यादेवर मिळणारी वीस किलोमीटरची सवलत अशी नकळत खर्च होते, आणि अबू धाबीत ती सवलत ऑगस्ट २०१८ पासून नाहीच. २०१७ च्या संघीय नियमावलीत झिजलेल्या किंवा मुदत संपलेल्या टायरला ५०० दिरहम दंड, चार काळे गुण आणि सात दिवस गाडी जप्त. परवानगीशिवाय इंजिन किंवा चौकटीत बदल केला तर १,००० दिरहम, बारा गुण आणि तीस दिवस. म्हणून वर्षाच्या पासिंगला काही जण मित्राचे जुने टायर उसने लावून जातात आणि मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात आला की परत बदलतात. यात फसवणूक तपासणाऱ्याची होत नाही, शेजारच्या लेनमधल्या कुटुंबाची होते.

किती मोठा टायर चालेल याला आकडा हवा असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघावं. तिथल्या बदल-नियमांत फोर बाय फोरसाठी मर्यादा आहे मूळच्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा ५० मिलीमीटर. आपल्या उदाहरणात २८५/७० ची वाढ २८ मिलीमीटर, ती बसते. पस्तीस इंचीची ८६, ती बसत नाही. ऑस्ट्रेलियाही उन्हाचा, लांब रस्त्यांचा आणि कारवान ओढणाऱ्यांचा देश आहे, त्यामुळे त्यांचा आकडा मला आपल्याला लागू पडणारा वाटतो. दुसऱ्या टोकाला आइसलँड. तिथे बर्फावरून जायला ३८ ते ४४ इंची टायर लावतात, पण रेशो, ब्रेक, चौकट सगळं त्यासाठी नव्याने बांधून. त्याच परंपरेतल्या आर्क्टिक ट्रक्सने घडवलेला इसुझु डी-मॅक्स एटी३५ ब्रिटनमध्ये ३१५/७० आर १७ टायरवर पूर्ण साडेतीन टन ओढायच्या मान्यतेसह विकला गेला. म्हणजे मोठा टायर आणि ओढकाम एकत्र नांदू शकतात. फक्त ते घर आधी बांधावं लागतं.

एवढं सगळं बघून मी मित्राला सांगितलं ते असं. उन्हाळ्यात बोट ओढायची तर कंपनीचा टायर, फार तर एक पायरी वर, आणि खाचा मध्यम. वाळूसाठी हवा सोड, परत भरायला चांगला कॉम्प्रेसर गाडीत ठेव, आणि डांबरावर ट्रेलर जोडायच्या आधी प्रत्येक टायर पूर्ण भर. पस्तीस इंचीचा मोह सुटतच नसेल तर त्यांचा वेगळा रिमसकट संच कर, नोव्हेंबर ते मार्च तो लाव, आणि त्या महिन्यांत बोट दुसऱ्याच्या गाडीने ने. पहिलं त्याने ऐकलं, शेवटचं ऐकायला त्याला महिना लागला.

टायर परत बदलायला आम्ही रात्री दहानंतर गेलो, कारण दिवसा त्या शेडमध्ये उभं राहवत नाही. पेशावरकडचा एक पोरगा मशीनवर टायर फिरवत, कडेला साबणपाणी लावत काम करत होता. काम झाल्यावर त्याने न सांगता बॅटरी घेतली आणि मागे जोडलेल्या ट्रेलरपाशी उकिडवा बसला. ट्रेलरकडे आमचं कुणाचं लक्षच नव्हतं. बोट वर्षाचे आठ-नऊ महिने उन्हात उभी असते, खाचा जवळजवळ नव्या, त्यामुळे टायर चांगलेच आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. त्याने भिंतीवरून अंगठा फिरवला, केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं दाखवलं. मग शेवटचे चार अंक शोधून त्यांच्यावर खडूने गोल केला. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे पाच वर्षांवरचा टायर चालत नाही. हा नऊ वर्षांचा होता. मित्र बराच वेळ त्या खडूच्या गोलाकडे बघत राहिला, मग त्याने ट्रेलरचा दांडा हुकवरून उचलला आणि बोट त्या रात्री दुकानातच ठेवली.